स्टॅफर्डशायरच्या मातीच्या मूर्ती जमवताय? या चुका टाळा

पाठ सपाट आणि बहुतेक वेळा कोरी. चेहऱ्यावर ब्रशचे चार फटकारे. घोडा स्वाराच्या मानाने भलताच लहान. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातली जुनी मूर्ती पहिल्यांदा पाहणाऱ्या अनेकांना हे काम कच्चं वाटतं. मग ते शेजारची नाकीडोळी नीटस, चकचकीत मूर्ती उचलतात, आणि नेमकी तीच अलीकडची नक्कल निघते.

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच: लोककलेला दरबारी पोर्सेलीनची, म्हणजे उंची चिनी मातीची, फूटपट्टी लावणं. स्टोक-ऑन-ट्रेंट परिसरातल्या टन्स्टॉल, बर्सलेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन आणि लाँगटन या सहा गावांत या मूर्ती घडल्या. साधारण १८४० पासून त्यांना सपाट पाठ आली, म्हणून त्यांना ‘फ्लॅटबॅक’ म्हणतात. शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून ठेवायची वस्तू, मग न दिसणारी बाजू रंगवायची कशाला? गिऱ्हाईक होतं कामगार आणि छोटे दुकानदार, त्यामुळे किंमत कमी ठेवणं भाग होतं. राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट, धर्मोपदेशक जॉन वेस्ली, इटलीचा सेनानी गॅरिबाल्डी यांच्या मूर्ती निघाल्या. विषप्रयोगाच्या खुनासाठी १८५६ मध्ये फाशी गेलेल्या रगेलीच्या डॉक्टर विल्यम पामरचीही निघाली, आणि त्याच्या घराचीसुद्धा! लोक ज्याबद्दल बोलत होते ते सगळं मातीत उतरलं. हेन्री विलेट यांनी इंग्लंडचा इतिहास सांगणारी अशीच साधी मातीची भांडी आणि मूर्ती जमवल्या. तो संग्रह आज ब्रायटनच्या संग्रहालयात आहे. माझ्या मते सुरुवात करणाऱ्याने खरेदीआधी तो पाहावा.

मूर्ती उलटी करून न पाहणं

ही चूक नवे संग्राहक सर्रास करतात. समोरून फसवणं सोपं असतं, तळातून अवघड.

जुन्या पद्धतीत मातीची पोळी साच्याच्या दोन अर्ध्या भागांत बोटांनी दाबत आणि मग ते भाग जोडत. साच्यात शाडूची माती दाबून गणपती करताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. अशा मूर्तीची जाडी एकसारखी नसते आणि ती हाताला भरीव वजनाची लागते. भट्टीत आतली हवा बाहेर पडावी म्हणून ठेवलेलं भोक लहान असतं. विसाव्या शतकातल्या बहुतेक नकला पातळ माती साच्यात ओतून केलेल्या आहेत. त्या हलक्या असतात आणि जास्तीची माती ओतून काढण्यासाठी तळाला मोठं, गोल भोक असतं. पेन्सिल सहज आत जात असेल तर सावध व्हा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओतीव पद्धतही आली होती, म्हणून या एकाच खुणेवर निकाल देऊ नका.

सोनेरी रंग पाहा. जुनं सोनं मंद, उबदार आणि हात लागून जागोजागी झिजलेलं असतं. आरशासारखं चकाकणारं सोनं साधारण १८८० नंतरचं. झिलईतले तडेही बोलतात. खरे तडे बारीक आणि अनियमित असतात. सगळीकडे सारखे, तपकिरी मळ भरलेले तडे दिसले, तर ते बहुधा मुद्दाम पाडलेले. गडद निळा रंग झिलईखाली आहे की वरून फासलाय, तेही भिंगातून दिसतं.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे जुन्याच साच्यातून नंतर काढलेल्या मूर्ती. बर्सलेमच्या विल्यम केंट यांच्या कारखान्यात १९६२ पर्यंत जुन्या घाटाच्या मूर्ती निघत होत्या. त्या अस्सल स्टॅफर्डशायरच्याच आहेत, फक्त व्हिक्टोरियाच्या काळातल्या नाहीत. दाम त्या हिशेबाने द्या.

शिक्का दिसला की विश्वास ठेवणं

व्हिक्टोरियन काळातल्या बहुतेक मूर्तींवर कारखान्याचा शिक्काच नसतो. त्याआधी जॉन वॉल्टन यांच्यासारखे थोडे कारागीर नाव उमटवत. तळाला मोठ्या अक्षरांत ‘स्टॅफर्डशायर’ छापलं असेल तर आनंदाऐवजी शंका यावी. ‘इंग्लंड’ हा शब्द सहसा १८९१ नंतरचा, कारण तेव्हा अमेरिकेच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं.

चौथऱ्यावरच्या नावाचंही तसंच. कारागीर छापील चित्रांवरून काम करत, माणूस त्यांनी पाहिलेला नसे. बेंजामिन फ्रँकलिनच्या मूर्तीवर चक्क ‘वॉशिंग्टन’ लिहिलेलं आढळतं. असल्या चुकांमुळे मूर्ती खोटी ठरत नाही, उलट मला त्या फार जवळच्या वाटतात.

आपल्या इतिहासाचा धागाही इथे सापडतो. १८५७ च्या उठावात इंग्रजांचं सैन्य चालवणारे हॅवलॉक आणि कॉलिन कँपबेल तिथल्या घराघरांत वीर म्हणून मांडले गेले. त्याआधी, १७९२ मध्ये बंगालच्या सागर बेटावर वाघाने मारलेल्या मन्रो या तरुण इंग्रज अधिकाऱ्याचीही मूर्ती झाली. वाघाच्या जबड्यात त्याचं डोकं, आणि खाली शांतपणे लिहिलेलं शीर्षक. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकाने नेमका हाच विषय धरला तर संग्रहाला स्वतःचा चेहरा येईल.

जोडी आणि डागडुजी

मातीचे कुत्रे समोरासमोर तोंड केलेल्या जोडीने विकले जात. एक फुटला की विक्रेता दुसरीकडचा जोडीदार आणून बसवतो. उंची, डोळे रंगवण्याची पद्धत आणि सोन्याची झीज जुळते का, ते पाहा.

डागडुजी मान, हात, बंदुकीची नळी आणि मूर्तीमागच्या पानांच्या झुडपात लपलेली असते. अतिनील दिव्याखाली नवा रंग बहुतेक वेळा वेगळा उजळतो. नखाने हलकं टकटक केलं तर भरलेला भाग बोदा वाजतो. डागडुजी वाईट नसते, लपवलेली डागडुजी वाईट.

घरी आणल्यावर

पाण्यात भिजत घालू नका. माती सच्छिद्र असते, तड्यांतून पाणी आत शिरतं आणि झिलईवरचा रंग, विशेषतः काळा, पापुद्रे धरून सुटतो. ब्लीच तर अजिबात नको. कोमट पाण्यात पिळून घेतलेला मऊ कपडा पुरतो, सोन्यावर तोही अलगद. उचलताना डोकं किंवा झुडूप धरू नका, एक हात तळाखाली असू द्या. लिलावात घेणार असाल तर लिलावाआधी वस्तू पाहायला मांडतात त्या दिवशी जा, मूर्ती हातात घ्या आणि तिच्या स्थितीचा लेखी अहवाल मागून घ्या.