बॅटरीवरची तीनचाकी मागण्याआधी: घरातल्या ज्येष्ठ दिव्यांगासाठी तयारी

अर्जाची धावपळ सुरू करण्याआधी घरात बसून एकच गोष्ट ठरवा. वडील ज्येष्ठ नागरिक म्हणून मागणार आहेत की दिव्यांग म्हणून? बहुतेक घरं इथेच चुकीच्या रांगेत उभी राहतात. राष्ट्रीय वयोश्री योजना साठीच्या पुढच्यांसाठी आहे, आणि तीही दारिद्र्यरेषेखालच्या किंवा महिना 15,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी. तिथे काठी, कुबड्या, वॉकर, व्हीलचेअर, श्रवणयंत्र, चष्मा, कवळी मिळते. मोटारीवर चालणारी तीनचाकी मिळत नाही. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्रीत 65 पूर्ण आणि वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर एकदाच 3,000 रुपये खात्यात येतात. त्यात गुडघ्याचा पट्टा आणि काठी येईल, गाडी नाही.

गाडीचा रस्ता केंद्राच्या एडिप योजनेतून, म्हणजे दिव्यांगांना साहाय्यक साधनं देणाऱ्या योजनेतून जातो, आणि तिथे वयाला वरची मर्यादा नाही. हे ठासून सांगते, कारण ‘वय झालं, आता कशाला गाडी’ हे वाक्य फार घरांत ऐकलंय. उलट, राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाने फिरत्या दुकानासाठी ई-वाहनांचे अर्ज मागवले तेव्हा 18 ते 55 अशी वयाची अट होती. बासष्टीच्या माणसाला त्या फॉर्ममागे पळवू नका.

आता टक्केवारी. एडिपसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो, आणि नुसतं म्हातारपण हे दिव्यांगत्व धरलं जात नाही. गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, एवढ्यावर टक्के पडत नाहीत. डॉक्टर सांधा किती वळतो, स्नायूंत जोर किती, तोल कसा आहे हे मोजतात. पक्षाघाताने एक बाजू गेलेली असेल, मधुमेहामुळे पाय काढावा लागला असेल, तर डिस्चार्ज पेपर, एक्स-रे आणि जुने केसपेपर तारखेनुसार लावून न्या. आधी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज भरा आणि तपासणी कुठे, कधी ते पक्कं करूनच घराबाहेर पडा. मुंबईत मोठ्या सरकारी आणि पालिका रुग्णालयांत, तसंच हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत ही तपासणी होते.

तपासणीच्या दिवशी सैल पायजमा घाला, गुडघ्यापर्यंत सहज वर करता येईल असा. रोजची कुबडी, पायाला बांधायचा कॅलिपर घरी ठेवू नका. आणि आपल्या माणसाशी आदल्या रात्री बोला. जुन्या पिढीतली माणसं डॉक्टरसमोर ताठ होतात, भिंतीला हात न लावता चार पावलं टाकतात आणि ‘चालतं हो मला’ म्हणतात. त्यामागचा स्वाभिमान मला कळतो, पण कागदावर तेवढंच उतरतं. संडासला कोण धरून नेतं, किती पावलांनी बसावं लागतं, शेवटचं एकट्याने बाहेर कधी गेले, हे खरंखुरं सांगायला हवं. ते संकोचत असतील तर तुम्ही सांगा.

यूडीआयडी कार्ड हाती आलं की रंग बघा. चाळीसच्या खाली पांढरं, चाळीस ते ऐंशी पिवळं, ऐंशी आणि वर निळं. मोटारीची तीनचाकी तीव्र दिव्यांगत्वासाठी असते, आणि अलिम्को या साधनं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या वाटप शिबिरात साधारण 80 टक्के बघतात. पिवळं कार्ड असेल तर हाताने चालवायची तीनचाकी किंवा व्हीलचेअर मिळू शकते. विस्मरणाचा आजार असेल तर मोटारीचा हट्ट धरू नका. मुंबईच्या रस्त्यावर ते त्यांच्याच जिवावर बेतेल.

कागद थोडक्यात. एडिपमध्ये महिना 22,500 रुपयांपर्यंत उत्पन्न असेल तर पूर्ण मदत, त्यावर 30,000 पर्यंत निम्मी. उपनगरात राहत असाल तर उत्पन्नाचा दाखला अंधेरी, बोरिवली किंवा कुर्ला तहसीलचा. गेल्या तीन वर्षांत तीच वस्तू सरकारकडून घेतलेली नसावी; मोटारीच्या गाडीसाठी ही मुदत त्याहून मोठी असते. आधार, यूडीआयडी आणि पासबुकावर नाव अक्षरशः एकच आहे ना, ते बघा. आधारवर ‘सीताबाई’ आणि पासबुकात ‘सीता’ असेल तर आधी तेवढं सुधारून घ्या. मोटारीच्या गाडीवर सरकारी मदत ठरावीक रकमेपर्यंतच असते. वरचे पैसे खासदार निधीतून, एखाद्या कंपनीच्या सीएसआर म्हणजे समाजकार्याच्या निधीतून की खिशातून, याचं उत्तर शिबिराआधी विचारून ठेवा.

मग टेप घ्या. दाराची चौकट, लिफ्टचं दार, सोसायटीच्या गेटवरचा खांब, रॅम्प असेल तर त्याचा उतार, सगळं मोजा. चाळीत वरच्या मजल्यावर राहत असाल तर गाडी खालीच राहणार, म्हणजे सावली, कुलूप आणि चार्जिंगचा पॉइंट तळमजल्यावर लागणार. मीटरच्या पेटीजवळून वायर ओढायची असेल तर शेजाऱ्यांशी आणि सेक्रेटरीशी आधी बोला, गाडी आल्यावर नव्हे. पावसाळ्यात जिथे पाणी भरतं तिथे बॅटरी ठेवू नका.

ज्यांना साइड व्हीलची, म्हणजे बाजूला जादा चाकं जोडलेली स्कूटर चालवायची आहे त्यांचा मामला आरटीओचा. चाळिशीनंतर नमुना 1-अ हा वैद्यकीय दाखला लागतो, पंचावन्ननंतर लायसन्स पाच-पाच वर्षांनीच वाढतं, आणि जोडलेल्या चाकांची नोंद आरसी बुकात हवी. ती नसेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडकू शकतो.

शिबिरात तीनचाकीचा ताबा घेताना फोटोसाठी घाई करतील. तरी आधी माणसाला बसवा, ब्रेक त्याच्या चालत्या हाताला येतो का बघा, मैदानातच एक वळण घ्यायला लावा. चार्जर, चाव्या, वॉरंटी कार्ड आणि दुरुस्तीसाठी फोन नंबर हातात आल्यावरच पावतीवर सही करा.