पावसाळ्यात घरातली पाणीगळती कशी शोधावी आणि कशी थांबवावी

गोव्यात जूनपासून भिंतींना ओल धरतेच, त्यामुळे पाइपची गळतीही पावसाच्याच खात्यावर जमा होते. आमच्या घरी असंच झालं. न्हाणीघरामागच्या चिऱ्यांच्या भिंतीवर ताटाएवढा डाग होता. पाऊस ओसरला की सुकेल म्हणून थांबलो. चवथ गेली, दसरा गेला, डाग दारापर्यंत आला. गिलावा फोडला तेव्हा जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपच्या एल्बोजवळ, म्हणजे वळणाच्या जोडाजवळ, सुईच्या टोकाएवढं भोक सापडलं. तेव्हापासून मी आधी तपासते, मग पावसाला बोल लावते.

आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी नळाला पाणी ठरावीक वेळीच येतं. म्हणून तपासणीचे दोन भाग करा: मीटरपासून टाकीपर्यंत आणि टाकीपासून तोट्यांपर्यंत.

मीटर ते टाकी

ही तपासणी पाणी आलेलं असतानाच करायची. टाकीत किंवा संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पाणी सोडणारा व्हॉल्व्ह बंद करा, थेट लाइनवरचे नळ बंद करा आणि मीटरसमोर दहा मिनिटं उभे राहा. आकड्यांशेजारचं छोटं चक्र हळूहळू जरी फिरत असलं, तरी मधल्या पाइपमधून पाणी जातंय. ही गळती अजिबात अंगावर काढू नका. पुरवठा बंद झाला की पाइपमधला दाब उतरतो आणि त्याच भोकातून अंगणातलं गढूळ पाणी आत ओढलं जाऊ शकतं. तेच पुढे आपल्या पिण्याच्या टाकीत जातं. मीटरच्या आधी, रस्त्याच्या कडेला पाणी फुटलेलं दिसलं तर स्वतः खणू नका, पाणीपुरवठा कार्यालयात कळवा.

टाकी ते तोटी

रात्री टाकीत येणारं पाणी बंद करून पातळी काठीने मोजा, सकाळी पुन्हा मोजा. उतरली असेल तर दुसऱ्या रात्री टाकीतून बाहेर जाणारा व्हॉल्व्हही बंद ठेवा. तरीही उतरली तर टाकीलाच चीर आहे. न उतरल्यास दोष खाली आहे, आणि पहिला संशय फ्लशच्या टाकीवर घ्या. तिच्यात खाण्याचा रंग टाकून वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतलं रबर बदलायला झालं.

ठिबकणाऱ्या तोटीखाली पेला ठेवा. २०० मिलीचा पेला अर्ध्या तासात भरला तर दिवसाला साडेनऊ लिटरहून जास्त पाणी वाया जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये खांडेपारजवळ ओपा जलशुद्धीकरण प्रकल्पाची जलवाहिनी फुटून पणजी-फोंड्याचे नळ काही दिवस कोरडे पडले होते. तेव्हा एवढ्या पाण्यात घराचा दिवसभराचा स्वयंपाक निघाला असता.

तोटी दुरुस्त करताना

टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून तोटी उघडा, पाइप रिकामा होऊ द्या. बेसिनच्या भोकावर फडकं टाका, म्हणजे निसटलेला स्क्रू आत जाणार नाही. नटावर कापड गुंडाळून पाना लावा आणि स्पिंडल, म्हणजे तोटीचा फिरणारा दांडा, बाहेर काढा. टोकाचा वायसर (छोटी चकती) चपटा झालेला किंवा चिरलेला दिसेल. तोच खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात जा, मापाचा घोळ होत नाही. अर्ध्या वळणात उघडणाऱ्या नव्या तोट्यांत वायसर नसतो, आतलं कार्ट्रिज (पाणी उघडबंद करणारा भाग) पूर्ण बदलावं लागतं.

आट्यांतून पाणी झिरपत असेल तर जुना टेप, गंज सगळं खरवडून काढा. नवा टेफ्लॉन टेप आटे समोर धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सात-आठ वेढे ओढून गुंडाळा. उलटा गुंडाळला तर बसवताना सुटतो. प्लास्टिकचे आटे जोर लावून आवळू नका, चिरतात. जुन्या जीआय लाइनवर दोन पाने वापरा: एकाने पाइप धरायचा, दुसऱ्याने जोड फिरवायचा. नाहीतर एक जोड सुटता सुटता शेजारचा गंजलेला जोड तुटतो.

रात्री-अपरात्री पाइप फुटला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून घट्ट गुंडाळा आणि वर क्लिप किंवा तार आवळा. एवढ्यावर सकाळपर्यंत निभावतं.

ओल स्विचबोर्डपर्यंत किंवा गिझरच्या वायरपर्यंत पोचली असेल तर मात्र पान्याला हातही लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, तोही कोरड्या हाताने, आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

दुरुस्ती झाली की जोड पुसून कोरडा करा, खाली वर्तमानपत्राचा कागद पसरा आणि पाणी सोडा. सकाळी कागदावर एकही डाग नसेल तरच भिंतीचा गिलावा भरून घ्या.