वाडीतलं हॉटेल पुनर्विकासात जाताना: आधी भाडेपावती काढा

आमचं हॉटेल म्हणजे गिरगावात एका वाडीच्या तोंडाशी, चाळीच्या तळमजल्यावरचं उपाहारगृह. आजोबांनी १९४९ साली पागडी, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे, मोजून भाड्याने घेतलेली जागा. सहा टेबलं, मागे भटारखाना, वर पोटमाळा. साबुदाणा वडा, डाळिंबी उसळ, थालीपीठ, मिसळ आणि शनिवारी खरवस. दोन वर्षांपूर्वी चाळ पाडायची ठरली आणि आम्ही शटर ओढलं. बातमी फुटल्यावर शेवटचे पंधरा दिवस रांग वाडीबाहेर गेली होती. लोक पाटीचे फोटो काढत होते, एक बाई तर गल्ल्यासमोर उभ्या राहून रडल्या. पण नव्या इमारतीत तुमचा गाळा कुठे आहे आणि कढईचा धूर कुठून जाणार, हे एकानेही विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्हीसुद्धा ते उशिराच विचारलं. ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांनी आमच्यासारखं करू नये, म्हणून हे लिहून ठेवतोय.

पावती कोणाच्या नावावर?

विकासकाचा माणूस पहिल्यांदा चहा प्यायला येईल त्याच्या आधी हे बघा. आमची पावती आजोबांच्या नावावर होती. आजोबा १९८३ ला गेले, आप्पा, म्हणजे माझे वडील, २०११ ला. मालकाचा भय्या दर महिन्याला यायचा, भाडं न्यायचा, आजोबांच्या नावाने पावती फाडायचा. कोणाचंच काही अडत नव्हतं, म्हणून कोणी हललं नाही. पात्र भाडेकरूंची यादी करायची वेळ आली तेव्हा यादीत आमच्या जागेपुढे एका मयत माणसाचं नाव!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यात धंद्याच्या जागेसाठी राहत्या घरापेक्षा निराळी अट आहे. भाडेकरू वारला तेव्हा घरातलं जे माणूस त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत होतं, त्याचा हक्क पुढे येतो. तसं कोणी नसेल तर वारसांपैकी एकाचा, आणि वारसांचं आपसांत जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे आप्पांच्या हयातीत मी गल्ल्यावर बसत होतो, याचा पुरावा लागतो. जुनी बिलं, माझ्या सहीचे परवाना नूतनीकरणाचे अर्ज, बँकेचं खातं, काहीही चालतं. मला वाचवलं ते १९९८ च्या एका तेलाच्या डब्यांच्या चलनाने, त्यावर 'मिळाले' म्हणून माझी सही होती. भाऊबहिणींची ना-हरकत प्रतिज्ञापत्रंही आत्ताच करून घ्या. जागेची किंमत कळल्यावर नाती जरा जड होतात.

पावतीवर 'दुकान' लिहिलंय की 'खोली', तेही वाचा. खाली धंदा आणि पावतीवर 'खोली' असली तर पुढे वाद ठरलेला. मालक पावती देत नसेल तर पैसे बँकेतून पाठवा, सोबत टपालाने पत्र, आणि पोचपावती जपा. घेतलेल्या भाड्याची लेखी पावती देणं त्याच कायद्याने मालकावर बंधनकारक आहे, आणि पागडीलाही १९९९ च्या कायद्याने मान्यता दिलेली आहे. तेव्हा 'तुमचं काय, पागडीचंच तर आहे' असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

जागा मोजा. आजच, स्वतः.

इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे सप्टेंबर १९६९ च्या आधीची आणि म्हाडाचा दुरुस्ती उपकर भरणारी, तर पुनर्विकास बहुधा विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो. त्यात राहत्या माणसाला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, मिळतंच, त्याची खोली १६० ची असली तरी. दुकानदाराला असं किमान नाही. जेवढी जागा जुन्या इमारतीत होती तेवढीच नव्यात. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्यांना मोजणीची फारशी फिकीर नसते आणि आपल्याला फूट न् फूट मोजावा लागतो.

जुन्या पावत्यांवर क्षेत्रफळ बहुतेक लिहिलेलं नसतंच. मग कुठून काढायचं? महापालिकेच्या आरोग्य परवान्याच्या जुन्या अर्जाला जागेचा नकाशा जोडलेला असतो, तो सगळ्यात कामाचा. नंतर मालमत्ता कराचा उतारा. आमच्या डोक्यात आमचं हॉटेल चारशे फुटांचं होतं. नकाशात निघालं २९०! कारण आम्ही मोजत होतो तो बाहेरचा ओटा, जिथे पार्सलवाले उभे राहत आणि दोन बाकडी असत. तो आमचा नव्हताच. वरचा पोटमाळा, जिथे सत्तर वर्षं कामगार झोपले आणि बटाट्याची पोती राहिली, तोही गेला. परवानगी घेऊन बांधलेला मधला मजला आणि नुसत्या फळ्या टाकून केलेला माळा यांत फरक असतो. तुमच्याकडे परवानगीचा कागद असेल तर त्याच्या चार झेरॉक्स काढा. नसेल तर ते क्षेत्र सोडून हिशेब मांडा, उगाच मनात मांडे नकोत.

म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे लोक पाहणीला येतील त्या दिवशी स्वतः हजर राहा. भाच्याला बसवून बँकेत जाऊ नका. मी गेलो होतो.

धूर कुठून जाणार?

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण इथेच हॉटेलं मरतात.

संमतीपत्रावर सह्या घेताना विकासक रंगीत चित्रं दाखवतो. काचेचं प्रवेशद्वार, झाडं, कुत्रं फिरवणारी बाई. ती बाजूला ठेवा आणि तळमजल्याचा नकाशा मागा. तळमजल्यावर गाड्यांचं पार्किंग, रॅम्प, लिफ्टची लॉबी, मीटर रूम हे सगळं आधी बसतं. उरलेल्या कोपऱ्यात दुकानं. आम्हाला पहिल्या नकाशात २९० फूट बरोब्बर दिले होते, फुटाचीही खोट नव्हती. फक्त गाळा मागच्या बाजूला, रॅम्पच्या शेजारी होता आणि दर्शनी रुंदी साडेसहा फूट. साडीच्या दुकानाचं निभेल एखाद्या वेळी, पण वड्याचं हॉटेल रस्त्यावर वास गेल्याशिवाय चालत नाही.

तेव्हा सही करण्याआधी लेखी मागायच्या गोष्टी. दर्शनी रुंदी आणि गाळ्याचा क्रमांक, रंगवलेल्या नकाशासकट. भटारखान्याच्या धुरासाठी थेट गच्चीपर्यंत जाणारी स्वतंत्र नळी, आणि ती मंजूर नकाशात दाखवलेली. 'नंतर करून देऊ' याचा अर्थ नाही करणार. इमारत उभी राहिल्यावर बाविसाव्या मजल्यावरचा माणूस आपल्या खिडकीजवळून मिसळीचा धूर जाऊ देईल का? मोरीला तेल-गाळणीची टाकी. पाण्याची व्यापारी जोडणी. पाइपच्या गॅसची सोय. आणि करारात गाळ्याचा वापर 'दुकान' एवढाच न लिहिता 'उपाहारगृह, स्वयंपाकासह' असा लिहून घ्यायचा. या एका ओळीवर आमच्या वकिलांनी तीन आठवडे घालवले. फी घेतली, पण वसूल.

त्याच बैठकीत वरच्या मजल्याच्या एका काकूंनी मला विचारलं, 'तुला काय, तू हॉटेलच्या नादात आमची बिल्डिंग अडवणार का?' बरोबर होतं त्यांचं. प्रत्येक मजल्यावर अकरा बिऱ्हाडं आणि टोकाला तीन संडास, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि रात्री दोनदा तो व्हरांडा चालायचा. ज्यांना आमचा वडा जाऊ नये असं वाटत होतं त्यांतले निम्मे बोरिवली-डोंबिवलीत स्वतंत्र संडासाच्या घरात राहतात. मी संमतीवर सही करणाऱ्यांत चौथा होतो. पूर्वी ७० टक्के भाडेकरूंची संमती लागायची, आता ५१ टक्के पुरते. त्यामुळे एकट्या दुकानदाराच्या नकाराने इमारत अडत नाही, उलट तो एकटा पडतो. तळमजल्यावरचे पाचही गाळेवाले एकत्र या, शिंपी, वाणी, झेरॉक्सवाला सगळे, आणि बहुमत पुरं होण्याआधी अटी मांडा. सही दिल्यावर विकासक चहालासुद्धा येत नाही.

पर्यायी जागेचा करार नोंदणीकृत असल्याशिवाय किल्ली देऊ नका. तात्पुरत्या काळाचं भाडं राहत्या खोलीच्या दराने घेऊ नका, गाळ्याच्या दराने मागा, पुढच्या तारखांचे चेक आधी घ्या आणि दरवर्षीची वाढ करारात घाला.

गिऱ्हाईकांना काय करता येईल

मेणबत्त्या नकोत. हेरिटेजचा अर्ज करायला धावणाऱ्यांनाही सांगतो, ती यादी भिंतीला जपते, आतल्या कढईला नाही. जहांगीर आर्ट गॅलरी जागच्या जागी आहे. तिच्यातलं १९६४ पासूनचं समोवार उपाहारगृह मात्र मार्च २०१५ अखेर बंद झालं. भाडेकरार संपला की इमारत कितीही देखणी असो, टेबलं उचलावीच लागतात.

लेखी हरकत मात्र चालते. मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, त्यावर हजारो हरकती पडल्या आणि एप्रिलमध्ये तो मसुदा मोडीत काढून नव्याने करायला सांगावं लागलं. आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करायचा असेल तर प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना छापून हरकतींसाठी महिनाभराची मुदत देतात. ती सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात येते. वाचा, आणि मोघम लिहू नका. 'आमची संस्कृती वाचवा' असल्या अर्जाचं अधिकारी काय करणार? 'पुनर्वसनातल्या खाद्यगृहांना रस्त्याकडची दर्शनी बाजू आणि धुराची नळी बंधनकारक करा' असं लिहा. नियम होण्यासारखं वाक्य पाहिजे.

माणसांचे पैसे

आमच्याकडे शेवटी आठ माणसं होती. सीएने सांगितलं, दहाच्या खाली आहात, ग्रॅच्युइटी लागू नाही. मग वहिनीने आप्पांच्या काळचं हजेरीपुस्तक काढलं. १९९१ च्या दिवाळीत अकरा जण! ग्रॅच्युइटी एकदा लागू झाली की माणसं कमी झाली म्हणून सुटत नाही. हिशेब सोपा आहे: शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. पगार १३,००० आणि २४ वर्षं असतील तर १,८०,००० रुपये. पाच वर्षं भरलेल्या प्रत्येकाचा असा आकडा आधी काढा आणि मगच विकासकाशी रकमेचं बोला. आम्ही उलटं केलं आणि वहिनीच्या पाटल्या गहाण पडल्या. सोडवल्या नंतर, पण ते घरात अजून निघतं.

कागद मिटवायचे की हलवायचे, हे आधी ठरवा. कायमचं बंद करत असाल तर जीएसटी नोंदणी रद्द करून तीन महिन्यांच्या आत अंतिम विवरणपत्र भरायचं. दुसरीकडे छोटा गाळा घेत असाल तर रद्द करू नका, पत्ता बदला. अन्न परवाना जागेचा असतो, तो नव्या जागेसाठी वेगळा. १९ किलोच्या सिलिंडरांची आणि विजेच्या मीटरची अनामत परत मिळते, पण मूळ कागद लागतो. आमचा सिलिंडरचा कागद देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या डबीखाली सापडला.

चव लिहून घ्या

हे सगळ्यात शेवटी सुचतं आणि तोवर आचारी गावी गेलेला असतो. आमचा आचारी एकतीस वर्षं मिसळीचा मसाला हाताने घालायचा. विचारलं तर 'अंदाजाने'. निघायच्या आधी सलग चार सकाळ मी त्याच्या शेजारी वजनकाटा घेऊन बसलो. तो मूठ भरायचा, कढईत टाकण्याआधी मी ती ताटलीत घ्यायचो. चार दिवसांत मूठ एक-दोन ग्रॅमपलीकडे हलली नाही. वाटी मात्र फसवी निघाली. तो 'वाटी' म्हणायचा ते भांडं पोचे पडून पडून निम्म्यावर आलं होतं. ते भांडं आम्ही भंगारात दिलं नाही. तुम्हीही देऊ नका, त्याच्यावर खडूने माप लिहून ठेवा.

पाणी कुठलं वापरता, कांदा कुठला, कढई लोखंडी की पितळी, उसळीची डाळिंबी किती तास भिजते आणि थंडीत किती, हेही विचारा. त्याचा गावचा फोन नंबर दोन ठिकाणी लिहा. आम्ही सध्या मागच्या गल्लीत नऊ बाय बाराच्या गाळ्यात फक्त पार्सल देतो. पहिल्या आठवड्यात उसळ कडू यायला लागली तेव्हा त्याच नंबरवर फोन केला. तो म्हणाला, 'नळाचं पाणी नव्या टाकीचं असंल, रात्री भरून ठेव नि सकाळी वापर.' तसं केलं. आता बरी होते.