लँडलाईनची खरखर आणि तुटणारं नेट: दोष शोधायचा कुठे?

वस्तीपासून दूर, खांबांवरून आलेल्या तांब्याच्या लाईनवर ब्रॉडबँड सारखं तुटत असेल, तर मॉडेम बदलण्याआधी रिसीव्हर कानाला लावा. आवाज आणि नेट एकाच जोडतारेतून येतात: बोलणं ४ किलोहर्ट्झच्या आत, एडीएसएल (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) साधारण २५ ते ११०० किलोहर्ट्झ. म्हणून ऐकू येणारी खरखर बऱ्याचदा नेट तोडणाऱ्या दोषाचाच माग देते.

आधी घर वेगळं काढा. लाईन जिथे आत येते त्या पहिल्या डबीत वायरचा साधा फोन थेट लावा (कॉर्डलेस नको, त्याचा स्वतःचाच आवाज असतो). पुढच्या सगळ्या एक्स्टेंशन, स्प्लिटर (आवाज आणि नेट वेगळं करणारी डबी), मॉडेम काढून ठेवा. एक आकडा दाबला की डायल टोन थांबतो; त्या शांततेत ऐका. लाईन स्वच्छ असेल तर दोष घरात आहे, एकेक वस्तू परत जोडत गेलात की सापडेल. खरखर कायम राहिली तर दोष बाहेर आहे.

आता आवाज कसा आहे ते ओळखा. वारा सुटला की कडकड वाढते: सैल जॉइंट, नाहीतर फांदीला घासणारी तार. पावसानंतर खरखर आणि उन्हात गप्प: जॉइंटमध्ये पाणी. सलग घुं-घुं: दोनपैकी एक तार जमिनीला लागतेय, त्यामुळे जोडीचा तोल गेलाय. दर सेकंद-दीड सेकंदाला टिक-टिक: शेताचं विजेचं कुंपण. त्याच्या तारेवर वेल चढली असेल किंवा इन्सुलेटर फुटला असेल, तर ठिणगी उडून हा त्रास वाढतो.

फोन वाजला की नेट पडतं? आधी स्प्लिटर बदलून पाहा. तरीही पडत असेल, आणि रिसीव्हर उचलून ठेवल्यावर मात्र नेट सुधारत असेल, तर कुठेतरी गंजलेला जॉइंट आहे. उचलल्यावर वाहणारा प्रवाह गंजाचा पापुद्रा तात्पुरता भेदतो, म्हणून ही गंमत होते.

तुमच्या बाजूचा जॉइंट पीळ देऊन टेप गुंडाळलेला असेल तर तो कापाच. टेप पाणी अडवत नाही, धरून ठेवते. हिरवट तांबं छाटून चकचकीत भागापर्यंत या आणि जेल भरलेले कनेक्टर वापरा, प्रत्येक तारेला एक. इन्सुलेशन सोलायचं नाही. तारा टोकापर्यंत घालून पक्कडीने कनेक्टरचं बटण पूर्ण सपाट दाबायचं. लाईनवर सुमारे ४८ व्होल्ट असतात आणि रिंग येताना त्याहून बरेच जास्त, झटका बसतो. ढग गडगडत असताना हात लावू नका. खांबावरची पेटी लाइनमनची.

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मॉडेमच्या पानावर एसएनआर मार्जिन बघा, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या वर किती राखून आहे ते. ६ डेसिबलच्या खाली गेलं की लाईन डळमळते. सकाळी, रात्री आणि पावसात आकडे लिहून ठेवा. अ‍ॅटेन्युएशन (तारेत सिग्नलची होणारी घट) ६० डेसिबलच्या वर असेल तर मात्र अंतरच आडवं येतंय, कितीही जॉइंट सुधारलेत तरी वेग फारसा वाढणार नाही.

तक्रार नोंदवताना ‘नेट स्लो आहे’ म्हणालात की मॉडेम बंद करून चालू करायला सांगतात. ‘पहिल्या डबीवर, साध्या फोनवर खरखर येते’ एवढंच सांगा, आणि ती पावसात येते की वाऱ्यात तेही.