प्रस्तावांचे संपादक निवडताना या चुका टाळा

क्रिप्टो नेटवर्कमध्ये बदल सुचवणाऱ्या लेखी प्रस्तावांना बिटकॉइनमध्ये बीआयपी म्हणतात, इथेरियममध्ये ईआयपी, झीकॅशमध्ये झिप. नावं वेगळी, पण आलेला प्रस्ताव वाचणारा, त्याला क्रमांक देणारा आणि रिपॉझिटरीत (सामायिक संग्रहात) मर्ज, म्हणजे दाखल, करणारा संपादक सगळीकडे लागतोच. ही निवड चुकली तर लगेच काही बिघडत नाही. आधी पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्ज करण्याच्या विनंत्या, साचत जातात, मग नवे लेखक कंटाळून निघून जातात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे संपादकाला न्यायाधीश समजणं. बिटकॉइनच्या २०१६ च्या बीआयपी-२ मध्ये, म्हणजे प्रस्तावांच्या नियमावलीत, हे स्पष्ट लिहिलं होतं: कल्पना तांत्रिकदृष्ट्या अर्थपूर्ण हवी, मग ती स्वीकारली जाण्याची शक्यता कमी का असेना. प्रस्ताव मर्ज झाला म्हणजे तो नेटवर्कने मान्य केला असं नव्हे. तो निर्णय नोड, म्हणजे नेटवर्कचे संगणक, चालवणाऱ्यांचा. त्यामुळे उमेदवाराला ‘अमुक सॉफ्ट फोर्कबद्दल (जुन्या सॉफ्टवेअरशी जुळणाऱ्या नियमबदलाबद्दल) तुमचं मत काय?’ असं विचारून गट पाडू नका. त्याऐवजी त्याला न पटणारा एखादा प्रस्ताव हातात द्या आणि शेरे लिहायला सांगा. ‘जुन्या वॉलेटना हा नवा पत्ता ओळखता येईल का, ते सुसंगततेच्या भागात लिहा. परवाना नमूद केलेला नाही. टेस्ट व्हेक्टर (तपासणीसाठीची नमुना उदाहरणं) जोडा,’ असे शेरे आले तर माणूस कामाचा आहे. ‘या बदलाची गरजच काय?’ एवढंच आलं, तर तो चर्चेत हवा, संपादक म्हणून नको.

दुसरी चूक: सगळा भार एकाच माणसावर टाकणं. बिटकॉइनमध्ये अनेक वर्षं एकच संपादक होता. २०२१ मध्ये दुसरा आला, आणि एप्रिल २०२४ मध्ये एकदम पाच जण वाढवावे लागले. तोवर साचलेल्या कामावरून बरीच कटुता झाली होती. ओपी-कॅट या बिटकॉइनच्या आज्ञेच्या प्रस्तावाला तर अधिकृत क्रमांक मिळण्याआधीच लोक ‘बीआयपी-४२०’ म्हणू लागले होते. नोंदीत त्याला ३४७ मिळाला. लोक परस्पर क्रमांक वापरू लागले की समजावं, संपादक कमी पडताहेत. आणि नवे घेताना सगळे एकाच कंपनीच्या पगारावरचे नकोत.

नाव मोठं म्हणून निवड करू नका. उत्तम कोड लिहिणारा दुसऱ्याचा कच्चा मसुदा शांतपणे वाचेलच असं नाही. त्याने गेल्या वर्षभरात इतरांच्या पुल रिक्वेस्टवर काय लिहिलंय ते वाचा, बहुतेक उत्तर तिथेच मिळतं.

संपादक स्वतःही प्रस्ताव लिहितात, त्यात गैर काही नाही. पण आपला प्रस्ताव आपणच मर्ज करायचा नाही, हा नियम निवडीआधी लिहून ठेवा. नंतर तो आणला की कुणावर तरी रोख आहे असंच वाटतं.

बाहेर पडायची वाटही आधीच ठरवा. ही गोष्ट हमखास राहून जाते. वर्षानुवर्षं न फिरकलेल्या माणसाकडे मर्जचे अधिकार राहणं धोक्याचं आहे: त्याचं खातं चोरीला गेलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. ईआयपी-१ मध्ये, म्हणजे इथेरियमच्या प्रस्तावांच्या नियमावलीत, माजी संपादकांची वेगळी यादी आहे. मान राहतो आणि अधिकारही निघतात, त्यामुळे ही पद्धत मला फार योग्य वाटते.

प्रक्रिया आधीच अडकली असेल तर जुन्या संपादकाला हटवण्यापासून सुरुवात करू नका. आहे त्याच्या जोडीला माणसं द्या. मग साचलेल्या प्रस्तावांची वर्गवारी करा. कधी कधी माणसं पुरेशी असतात, फक्त एकमेकांशी संबंध नसलेले विषय एकाच रांगेत उभे असतात. इथेरियमने २०२३ मध्ये अॅप्लिकेशन पातळीवरची मानकं, म्हणजे ईआरसी, वेगळ्या रिपॉझिटरीत नेली. टोकनचा इंटरफेस तपासणारा आणि कन्सेन्ससमधला (नेटवर्कच्या सहमतीच्या मूळ नियमांमधला) बदल तपासणारा एकच असावा, असा हट्ट धरायचं कारण नाही.