संगणकाला आयपी पत्ता आपोआप मिळत नसेल तर

संगणक नेटवर्कला जोडला की राउटरमधील डीएचसीपी सर्व्हर त्याला ठरावीक मुदतीसाठी एक आयपी पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) देतो आणि सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेर जाण्याचा मार्ग, घरी बहुधा राउटरच) व डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधणारी सेवा) यांची माहितीही सोबत पाठवतो. ही देवाणघेवाण बिघडली की बहुतेक जण आधी राउटर बंद करून पुन्हा चालू करतात. त्याने कधीकधी काम भागते, पण मूळ दोष तसाच राहिल्यामुळे काही दिवसांनी तीच अडचण परत येते. म्हणून संगणकाकडे सध्या कोणता पत्ता आहे ते आधी पाहावे, कारण तपासाची दिशा त्या आकड्यांवरूनच ठरते.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग /ऑल' ही कमांड द्यावी. यादी लांबलचक येते. त्यातील जे वायफाय किंवा इथरनेट अडॅप्टर आपण वापरत आहोत, तेवढेच वाचावे. 'डीएचसीपी एनेबल्ड' या ओळीसमोर 'नो' दिसले, तर पत्ता कोणीतरी हाताने भरून ठेवलेला आहे. घरच्या संगणकावर तो सेटिंग्जमध्ये जाऊन 'ऑटोमॅटिक' करावा. कार्यालयातील संगणकावर मात्र नेटवर्क सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय हात लावू नये, कारण तिथे असा पत्ता बहुधा हेतुपुरस्सर दिलेला असतो.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर संगणकाने विचारणा केली, उत्तर आले नाही आणि शेवटी त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असे समजावे. अशा वेळी इंटरनेट कंपनीकडे तक्रार करून उपयोग नसतो, कारण गाडे राउटरपर्यंतच अडलेले असते. केबल घट्ट बसवावी, पोर्टचा दिवा लागतो का ते पाहावे आणि त्याच नेटवर्कवर दुसरे एखादे उपकरण जोडून बघावे. दुसऱ्याला पत्ता मिळाला, तर संगणकातील 'डीएचसीपी क्लायंट' ही सर्व्हिस चालू आहे का आणि बाहेरून बसवलेली फायरवॉल यूडीपीचे ६७ व ६८ हे पोर्ट (डीएचसीपीची देवाणघेवाण ज्यांवरून होते ते क्रमांकित मार्ग) अडवत नाही ना, हे तपासावे.

जुनी उपकरणे व्यवस्थित चालतात, फक्त नव्याने जोडलेल्यालाच पत्ता मिळत नाही, असे असेल तर वाटपासाठी ठेवलेले पत्ते संपलेले असण्याची दाट शक्यता आहे. समजा, राउटरवर १९२.१६८.१.१०० ते १९२.१६८.१.१४९ एवढीच मर्यादा ठेवली आहे आणि मुदत सात दिवसांची आहे. मग थोडा वेळ येऊन गेलेल्या पाहुण्याचा फोनही एक पत्ता आठवडाभर अडवून ठेवतो. जे फोन जोडताना आपला मॅक पत्ता (नेटवर्कला उपकरण ओळखू येणारा त्याचा स्वतःचा क्रमांक) बदलतात, ते तर प्रत्येक वेळी नवे उपकरण म्हणून मोजले जाऊ शकतात. मर्यादा वाढवावी किंवा मुदत काही तासांवर आणावी. ये-जा असलेल्या कार्यालयात दुसरा उपाय अधिक टिकतो.

पत्ता मिळाला, पण तो भलत्याच मालिकेतला असेल, तर 'डीएचसीपी सर्व्हर' या ओळीतील पत्ता आपल्या राउटरचा आहे का ते पडताळावे. वायफायचा पल्ला वाढवण्यासाठी कोणीतरी दुसरा राउटर लॅन पोर्टमधून जोडतो आणि तोही पत्ते वाटू लागतो, हा प्रकार फार आढळतो. जो सर्व्हर आधी उत्तर देतो त्याचाच पत्ता संगणक सहसा स्वीकारतो, त्यामुळे तक्रार कधी असते, कधी नसते आणि शोधणारा हैराण होतो. त्या दुसऱ्या राउटरवरील डीएचसीपी बंद करावे.

दुरुस्ती झाल्यावर 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि त्यानंतर 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' द्यावे. दूरवरून जोडलेल्या संगणकावर मात्र पहिली कमांड चुकूनही देऊ नये. जोडणी तिथल्या तिथे तुटते आणि दुसरी कमांड द्यायला कोणाला तरी प्रत्यक्ष जावे लागते. नवा पत्ता योग्य मालिकेतला असूनही संकेतस्थळे उघडत नसतील, तर गेटवेला पिंग करून, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहावे. त्याचे उत्तर नियमित येत असेल, तर डीएचसीपीचा तपास थांबवून डीएनएस किंवा बाहेरील जोडणीकडे वळावे.