जर्सी सिटीत जुने घर भाड्याने घेण्यापूर्वी

जर्सी सिटीत नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांचे घराचे निकष ठरलेले असतात: न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ रेल्वेचे स्थानक चालत गाठता यावे, भारतीय दुकानांचा इंडिया स्क्वेअर जवळ असावा आणि भाडे झेपावे. घर बांधले केव्हा, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. लहान मूल असेल तर तो प्रश्न पहिला विचारावा, कारण अमेरिकेत घरगुती रंगात शिसे वापरण्यावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि इथल्या जुन्या वस्त्यांतील कितीतरी लाकडी घरे त्याआधीची आहेत.

अशा घराच्या करारासोबत शिशाच्या रंगाबाबत आपल्याला असलेली माहिती लेखी देणे आणि एक सरकारी पुस्तिका हाती ठेवणे घरमालकाला बंधनकारक आहे. आम्ही तो कागद न वाचताच सही केली. पुढे दिवाळीच्या तोंडावर बाळाच्या खोलीतील खिडकीचे पोपडे मी स्वतः पॉलिश पेपरने घासून काढले, खाली पडलेला भुसा केरसुणीने झाडला आणि खोली लख्ख झाली म्हणून समाधान मानले. मुलगी तेव्हा रांगत होती. वर्षाच्या तपासणीत तिच्या बोटातून घेतलेल्या रक्तात शिसे जास्त निघाले. हातावरच्या धुळीमुळे तो निकाल कधी फसवा येतो, म्हणून शिरेतून रक्त घेऊन पुन्हा तपासले. तोही आकडा ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर या संदर्भमूल्याच्या, म्हणजे ज्याच्या वर गेल्यास मुलाकडे लक्ष द्यावे लागते त्या सरकारी आकड्याच्या, बराच वर होता. मुलीला ना ताप होता, ना पोटदुखी. शिसे असे काही न दाखवताच मेंदूच्या वाढीला बाधा आणते, आणि झालेली हानी भरून निघत नाही.

तेव्हा कोरडे घासू नका, कोरडे झाडू नका. वर-खाली सरकणाऱ्या खिडक्यांत दर वेळी रंगावर रंग घासून अगदी बारीक धूळ पडते. खिडकीची खाच आणि त्याखालची जमीन ओल्या फडक्याने पुसावी आणि ते फडके टाकून द्यावे. पोपडे दिसले तर घरमालकाला लेखी कळवावे. ते काढण्याचे काम प्रशिक्षित, प्रमाणित माणसाचेच आहे. २०२२ पासून न्यू जर्सीत अशा बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी सक्तीची आहे, तिचा दाखला मागावा. दाखला मागितला तर मालक रागावेल, ही भीती आपल्याच लोकांत जास्त दिसते.

मुलाची रक्ततपासणी पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी, दोन्ही वेळा करून घ्यावी. ‘आपण नाही का असेच वाढलो?’ असे म्हणणारे भेटतील. आपल्याकडेही घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये आली, हे त्यांना सांगावे.

उंबऱ्याशी चपला काढण्याची आपली सवय इथे फार उपयोगी पडते; बाहेरच्या मातीतले शिसे घरात येत नाही.

आजीने बॅगेतून आणलेले काजळ आणि भस्म बाळाला लावू वा देऊ नये. सुटा शेंदूरही त्याच्या हाती लागू देऊ नये, कारण या वस्तूंत शिसे आढळलेले आहे. हळदही सुटी आणू नये.

मागच्या अंगणात मेथी पेरायची असेल तर घराच्या भिंतीलगत पेरू नका. बाहेरचा जुना रंग वर्षानुवर्षे त्याच मातीत गळलेला असतो. विकतची माती भरून कुंडीत लावा.